लिहिणारा कुठे उभा होता ते आधी बघा

तुम्ही विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे भरकटायला नको (भरकटणार आहेच, सवय आहे). गेल्या सहा महिन्यांत तुम्ही तीन पुस्तकं हातात घेतलीत. एक युरोप सहलीचं प्रवासवर्णन, ते पंधराव्या पानावर सोडलंत. एक नवा थ्रिलर, तो एका रात्रीत संपला पण आठवड्याने खुनी कोण होता तेच आठवेना. आणि विश्वास पाटलांची पानिपत, ती आवडली पण मित्राने हिणवलं की हा काही इतिहास नव्हे. तर आता प्रवास, गुन्हा आणि इतिहास यात वाचायचं काय आणि दुकानात उभ्या उभ्या चांगलं-वाईट ओळखायचं कसं, हा तुमचा प्रश्न.

मी डोंबिवलीत अठ्ठावीस वर्षं लायब्ररी चालवते. दोन गाळे, बावीस कपाटं, आणि पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते म्हणून जूनमध्ये खालचे दोन खण रिकामे करायचे, एवढाच कारभार. पण पुस्तक परत आलं की मी एक गोष्ट हमखास बघते, ती म्हणजे खूण कुठल्या पानात राहिलीय. लोक काय वाट्टेल ते खुणेला घालतात, लोकलचं तिकीट, लाइट बिल, औषधाची चिठ्ठी, एकदा तर शंभराची नोट होती आणि ती कोणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. तर ही खूण प्रवासवर्णनात बहुतेक वेळा विसाव्या-तिसाव्या पानाच्या आत असते. म्हणजे पंधराव्या पानावर पुस्तक सोडणारे तुम्ही एकटे नाही, उगाच मनाला लावून घेऊ नका.

सहलीच्या पुस्तकांचं दुखणं मला तरी सरळ दिसतं. सकाळी साडेसातला नाश्ता आटोपून बसमध्ये बसलो, गाइड हसतमुख होती, मग चर्च, मग ते चर्च किती साली बांधलं आणि किती फूट उंच आहे, मग इंडियन रेस्टॉरंटमध्ये पनीर मिळालं त्याचा आनंद, मग दुसरं चर्च. यातली उंची आणि साल आता फोनमध्ये दोन सेकंदांत मिळते, ती वाचायला मी दीडशे रुपयांचं पुस्तक का घेऊ? लिहिणारा त्या गावातून गेला हे कबूल, पण तो तिथे कुठे उभा होता, त्याला काय दिसलं जे दुसऱ्याला दिसलं नसतं, काय चुकलं, कुठे फजिती झाली, हे काहीच नाही. माझी कसोटी एवढीच आहे आणि ती तिन्ही प्रकारांना लागू पडते: लिहिणाऱ्याचे पाय कुठे होते?

मीना प्रभूंचंच बघा ना. पेशाने भूलतज्ज्ञ, लंडनला स्थायिक, आणि नंतर एकटीने देश-देश पालथे घातले. २०२५ मध्ये त्या गेल्या तेव्हा दोन महिने त्यांची पुस्तकं कपाटात टिकत नव्हती. मला त्यांची सगळी सारखी आवडत नाहीत हे स्पष्ट सांगते, काही ठिकाणी माहितीचा भडिमार होतो. पण माझं लंडन मी कुणालाही देते कारण ते राहणाऱ्या बाईचं पुस्तक आहे, पाहुणीचं नाही. गाथा इराणी पण द्या एखाद्याला, इराणबद्दल आपल्या डोक्यात जे बातम्यांतलं चित्र असतं ते जरा हलतं.

आता मुख्य माल. तुम्हाला तिन्ही प्रकार एकाच पुस्तकात हवे असतील तर गोडसे भटजींचं माझा प्रवास घ्या. नाव ऐकलं असेल, शाळेत कुठेतरी एक उतारा पण असायचा, आणि त्यामुळेच लोकांना वाटतं की वाचून झालंय. वाचलेलं नसतं. मीसुद्धा लायब्ररी सुरू करून दहा वर्षं होईपर्यंत वाचलं नव्हतं, आणि मग एका पावसाळ्यात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून उघडलं ते संध्याकाळचे दिवे लावायचं भान राहिलं नाही.

गोष्ट अशी. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे, घरात कर्ज, भिक्षुकीत भागेना. बातमी येते की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर. तर हे काका-पुतणे १८५७ साली घर सोडून उत्तरेला निघतात. साल बघा हं. चार पैसे मिळवून कर्ज फेडावं आणि जमलं तर काशी करावी एवढाच हेतू, आणि महूच्या आसपास पोचतात तोवर शिपायांच्या तोंडून कळतं की आता उलथापालथ होणार. त्यानंतरची दोन-अडीच वर्षं हा माणूस त्या सगळ्या धामधुमीतून पायी फिरतो. झाशीला इंग्रजांचा वेढा पडतो तेव्हा हे आत शहरात आहेत, बाहेर नाहीत. तोफेचा गोळा कसा येतो, रात्री कसा दिसतो, लोक कुठे लपतात, हे त्यांनी स्वतः पाहिलंय. आणि शहर पडल्यावरची लूट! ती कशी झाली ते वाचताना अंगावर काटा येतो, कारण हा माणूस ते एखाद्या हिशेबनिसासारखं लिहितो. आधी सोनं-चांदी, मग तांबं-पितळ, मग कपडालत्ता, धान्य, असं पाळीपाळीने घर धुऊन नेणं. ओरडा नाही, छाती पिटणं नाही. आजच्या कुठल्याही गुन्हेकथेत मला एवढा थंडपणा वाचायला मिळालेला नाही. झाशीच्या ग्रंथसंग्रहाची वाताहत झाली त्याबद्दल त्यांनी लिहिलंय ते तर मी, लायब्ररीवाली म्हणून, दर वेळी पटकन उलटून पुढे जाते, वाचवत नाही.

आणि राणीची ती भेट. सिनेमात राणी नेहमी घोड्यावर, तलवार वर, मागे ढग. इथे रस्त्याकडेची विहीर आहे, भटजी पाणी काढायच्या तयारीत, आणि हरून परतलेली, धुळीने माखलेली, तहानेने कासावीस झालेली राणी तिथे येते. पाणी पिते, दोन वाक्यं बोलते आणि जाते. बस. पानभरसुद्धा नाही, पण मला विचाराल तर राणी लक्ष्मीबाईंवर नंतर लिहिलेल्या जाडजूड कादंबऱ्यांपेक्षा ते पान भारी, कारण लिहिणारा हाताच्या अंतरावर उभा आहे.

शेवट काय होतो? कमावलेली दक्षिणा लुटली जाते, एकदा नाही तर वाटेत परत परत, आणि भटजी घरी येतात ते खांद्यावर गंगेची कावड घेऊन, आईवडिलांना स्नान घालायला. धनाचा हेतू पार फसला आणि पुण्याचा तेवढा पार पडला. असला शेवट कोणी कादंबरीत रचला असता तर मी म्हणाले असते, जास्त गोड झालं.

हे हस्तलिखित त्यांनी १८८३ च्या सुमारास लिहिलं, आमच्या शेजारच्या कल्याणच्या चिंतामण विनायक वैद्यांनी सांगितलं म्हणून. पण सरकार इंग्रजांचं, भीती होतीच, त्यामुळे ते छापलं गेलं १९०७ साली, भटजी गेल्यानंतर. वैद्यांनी भाषा आणि मजकूर बराच साफसूफ केला होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आवृत्ती काढली. घेताना कुठली आवृत्ती आहे ते बघून घ्या. पहिल्यांदा वाचत असाल तर वैद्यांची सोपी पडेल, पण आवडलं तर मग पोतदारांची जरूर शोधा, त्यात माणूस जास्त खरा वाटतो, बोलतो तसा. अमृतलाल नागरांनी याचं हिंदी केलंय, तुमच्या हिंदीवाल्या मित्रांना द्यायला चांगलं.

त्याच जातीचं दुसरं एक सांगते, पण हे वाचणारे मेंबर मला अठ्ठावीस वर्षांत पंधरासुद्धा भेटले नसतील. पंडिता रमाबाईंचं युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त, १८८९ चं. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या पदवीदानाला रमाबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि मग जवळजवळ तीन वर्षं अमेरिकाभर फिरल्या, भाषणं देत, बालविधवांच्या शाळेसाठी पैसे उभे करत. यात निसर्गसौंदर्य वगैरे शोधू नका. ही बाई बघते ती शाळा कशा चालतात, बायकांच्या संस्था वर्गणी कशी गोळा करतात, दारूबंदीवाल्या बायका ठराव कसे मांडतात. म्हणजे उद्या पुण्याला परत जाऊन मला काय करता येईल या नजरेने बघितलेला देश. मधली काही प्रकरणं रुक्ष आहेत, राज्यव्यवस्था वगैरे, ती मीही चाळलीच, पण बायकांच्या स्थितीवरचं प्रकरण सोडू नका. आपल्या पोरी आता मास्टर्स करायला त्याच देशात जातात ना, त्यांना जाताना हे द्यावं असं मला नेहमी वाटतं, देते पण, वाचतात की नाही देव जाणे.

आता खून.

रहस्यकथांची गंमत अशी की मराठीत त्यांचा प्रचंड वाचक होता आणि तो बोलायला लाजायचा. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू हे त्यांचे नायक, आणि माझ्याकडे आलेल्या एका जुन्या संग्रहात त्यांची सत्तर-ऐंशी पुस्तकं होती, प्रत्येकाला वरून वर्तमानपत्राचं कव्हर. का, तर मास्तरांनी किंवा वडिलांनी पकडू नये म्हणून. कागद इतका पिवळा आणि कडक झालाय की पान उलटताना कोपरा हातात येतो. आमच्या बाइंडरने एकदा खळ लावून, मागे कापडी पट्टी मारून चार पुस्तकं नीट केली आणि म्हणाला, ताई, पुस्तकाच्या किमतीच्या वीसपट मजुरी झाली. झाली तर झाली. पण आज वाचायला कशी आहेत? खरं सांगू, तुम्ही लहानपणी वाचली असतील तर मजा येईल, पहिल्यांदा वाचणार असाल तर दोन पुरेत. गोष्ट धावते, पण धावण्यापलीकडे फारसं हाताला लागत नाही. सुहास शिरवळकरांचं तसं नाही. दुनियादारीमुळे लोकांना ते कॉलेजवाले लेखक वाटतात, पण फिरोज इराणी, अमर विश्वास, मंदार पटवर्धन, दारा बुलंद ही सगळी पात्रं त्यांची, आणि संवाद अजून ताजे आहेत. त्यांच्या पुस्तकात खूण अडकलेली मी क्वचितच पाहिली, परत येतात ती पूर्ण वाचूनच.

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे एक मेंबर होता किंवा होती, शेवटपर्यंत पत्ता लागला नाही, जो रहस्यकथेच्या बाराव्या पानावर समासात पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. नेहमी बारावंच पान. बारीक, वळणदार अक्षर. मी खोडरबर घेऊन बसायचे, पण कागदावर दाब उमटलेला असायचा, तिरकं धरलं की वाचता यायचं. दोन वर्षं चाललं. मग एक दिवस एका पुस्तकात चुकीचं नाव लिहिलेलं सापडलं! खुनी दुसराच होता. त्यानंतर बंद. मला वाटतं त्याला स्वतःलाच लाज वाटली असावी, किंवा कळलं असावं की आपण शेवट न वाचताच लिहितोय.

तुमच्या थ्रिलरचं तेच झालं असणार. पाच ट्विस्ट आहेत म्हणून जाहिरात करतात, पण ट्विस्ट लक्षात राहायला आधी जागा आणि माणसं लक्षात राहावी लागतात. ॲगाथा ख्रिस्ती शंभर वर्षं टिकली ती काही फक्त कोड्यामुळे नाही, बाई स्वतः त्या जागांवर गेलेली होती. दुसरा नवरा मॅक्स मॅलोवन पुरातत्त्ववाला, तो इराक-सीरियात उत्खननं करायचा आणि ही बरोबर असायची. ओरिएंट एक्सप्रेस ती रेल्वे तिने खरोखर वापरलेली, आणि १९२९ साली ती गाडी तुर्कस्तानात बर्फात अडकून पडली होती हेही खरं, कादंबरी आली १९३४ मध्ये. मर्डर इन मेसोपोटेमिया उत्खननाच्या कॅम्पवरच घडते, तिथली धूळ, कंटाळा, एकमेकांचं तोंड बघून आलेला वैताग, हे सगळं आतल्या माणसाने लिहिलेलं कळतं.

पण मी सध्या वाचलं ते तिचं खुनाचं पुस्तक नव्हेच. कम, टेल मी हाउ यू लिव्ह नावाचं छोटंसं आठवणींचं पुस्तक आहे, १९४६ चं, सीरियातल्या उत्खननाच्या दिवसांचं. ‘टेल’ म्हणजे तिकडे जुन्या वस्तीचा मातीचा ढिगारा, त्यावरची कोटी आहे ती. यात कोणी मरत नाही. चेन ओढताना तुटणारी बॅग, रात्री अंगावर धावणारे उंदीर आणि त्यांच्यासाठी आणलेलं मांजर, पगाराच्या दिवशी मजुरांचा गोंधळ. स्वतःची टिंगल करत लिहिलंय, पुलंच्या अपूर्वाईच्या वाचकाला हा सूर लगेच ओळखीचा वाटेल. आणि एक बारकावा तिच्या आत्मचरित्रातला सांगते. इराकमधल्या निमरूदला हस्तिदंताचे अडीच-पावणेतीन हजार वर्षांपूर्वीचे कोरीव तुकडे सापडले, ते साफ करायला बाई वापरायची विणकामाची सुई आणि चेहऱ्याला लावायचं क्रीम! भेगांतली माती निघते आणि हस्तिदंताला इजा होत नाही म्हणे. क्रीम इतकं संपलं की तोंडाला लावायला उरलं नाही. जगातली सगळ्यात खपाची लेखिका जमिनीवर बसून सुईने माती काढतेय, हे चित्र डोळ्यासमोर आलं की तिच्या कादंबऱ्यांतल्या बारीकसारीक वस्तू कुठून येतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

गुन्हा आणि इतिहास यांच्या सीमेवरचं एक, जे मी प्रत्येक इतिहासप्रेमीच्या गळ्यात मारते: जोसेफिन टे या लेखिकेचं द डॉटर ऑफ टाइम, १९५१ चं. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर पाय मोडून हॉस्पिटलात पडलाय, छताकडे बघून वेडा व्हायची वेळ आलीय, वेळ घालवायला कोणीतरी जुनी चित्रं आणून देतं. त्यात इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड, ज्याने कोवळ्या पुतण्यांना मारलं असं शाळेत शिकवतात. याला तो चेहरा खुन्याचा वाटत नाही, आणि पडल्या पडल्या तो साडेचारशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या खुनाचा तपास करायला घेतो. पूर्ण पुस्तकात माणूस पलंगावरून उतरत नाही! आणि तपासातला कळीचा मुद्दा काय, तर ज्या टॉमस मोरच्या लिखाणावर सगळा आरोप उभा आहे तो मोर, रिचर्ड मेला तेव्हा, सात वर्षांचा पोरगा होता. म्हणजे ऐकीव माहिती. कोर्टात उभी तरी राहील का? आता यात लेखिका रिचर्डची वकिली जरा जास्तच करते, तेवढं मीठ घालून वाचा. रिचर्डची हाडं मात्र २०१२ साली लेस्टरमध्ये एका कार पार्कखाली खरोखर सापडली, पाठीचा कणा वाकडा होता, म्हणजे तो कुबडा होता या जुन्या गप्पांतलं थोडं खरं, बरंच वाढवलेलं.

खऱ्या गुन्ह्यांची पुस्तकं सध्या लोक फार मागतात, सिरीज बघून येतात. हुसेन झैदींचं डोंगरी टू दुबई वाचनीय आहे, रिपोर्टरचं पुस्तक आहे, तेवढ्या अपेक्षेने घ्या. पण मला यंदा गुंगवलं ते धवल कुलकर्णींच्या बावला खून खटल्यावरच्या पुस्तकाने. १२ जानेवारी १९२५, मलबार हिल, संध्याकाळची वेळ. अब्दुल कादर बावला हा तरुण श्रीमंत व्यापारी मोटारीतून चाललाय, बरोबर मुमताज बेगम, जी इंदूरच्या होळकर दरबारातून निसटून आलेली. दुसरी मोटार येऊन अडवते, बावलाला गोळ्या घालतात, मुमताजच्या चेहऱ्यावर वार करतात आणि तिला ओढून न्यायला बघतात. तेवढ्यात गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी तिथे पोचतात आणि त्यातला एक जण चक्क गोल्फची काठी घेऊन हल्लेखोरांवर तुटून पडतो. ते दहा मिनिटं उशिरा आले असते तर मुमताज गायब झाली असती आणि एक साधी फाइल बंद झाली असती. पुढे खटला, आरोपींपैकी एकाचे वकील बॅरिस्टर जिना, तिघांना फाशीची शिक्षा, आणि धागा इंदूरपर्यंत गेल्यावर १९२६ मध्ये तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. (दोनच वर्षांनी त्यांनी अमेरिकन नॅन्सी मिलरशी लग्न केलं, म्हणजे वर्तमानपत्रांची सोय चालूच राहिली.) या पुस्तकात मला काय आवडलं, तर खून फक्त दार आहे, आत गेलं की १९२५ ची मुंबई आहे, संस्थानिक आणि इंग्रज यांची रस्सीखेच आहे, आणि मधोमध एक बाई आहे जिला कोणीच विचारत नाही की तुला काय हवंय.

याच्या उलट टोकाचं म्हणजे मुनव्वर शाहचं येस, आय ॲम गिल्टी. पुण्यातलं १९७६-७७ चं जोशी-अभ्यंकर हत्याकांड, ज्यातल्या चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी झाली, त्यातल्या एकाने तुरुंगात लिहिलेलं. माझ्या मोठ्या बहिणीचं सासर तेव्हा पुण्यात, ती सांगते की संध्याकाळी सातनंतर दार वाजलं की आधी खिडकीतून बघायचे. हे पुस्तक अजून मागणीत आहे आणि मला प्रत्येक वेळी देताना जरा अडखळायला होतं. लिहिणारा घटनेच्या आत उभा आहे हे खरंच, त्याहून जवळ कोणी नाही. पण तो स्वतःची बाजू मांडणारा आरोपी पण आहे, स्वतःला कमी आणि इतरांना जास्त दोष जातोय का हे बघत वाचायला लागतं. आणि जे मेले त्यांचं पुस्तक नाहीये, ते लिहू शकले नाहीत. वाचा, पण हे डोक्यात ठेवून वाचा, आणि घरात कॉलेजातलं पोरगं असेल तर त्याच्याशी बोलून मग द्या.

राहिला तुमचा मित्र आणि पानिपत. मित्राला सांगा, कादंबरी इतिहास नव्हे हे खरं, पण त्याने इतिहासकार शेजवलकर वाचलेत का ते पण विचारा. बहुतेक नसतील. विश्वास पाटलांची कादंबरी १९८८ ची, आणि तिने पानिपत हा नुसता पराभवाचा शिक्का पुसून लोकांना त्या रणांगणावर नेऊन उभं केलं, हे काम छोटं नाही. माझ्याकडे तिच्या आजवर पाच प्रती फाटल्या. पण भाऊ त्या रात्री मनात काय म्हणाला हे कादंबरीकाराला कोणी सांगितलेलं नसतं, ते त्याने रचलेलं असतं, आणि आपण वाचक काय करतो, तर पाच वर्षांनी तेच वाक्य पुरावा म्हणून भांडणात वापरतो. दोष कादंबरीचा नाही, आपला आहे.

तुम्हाला कादंबरी आवडलीय ना, मग पुढची पायरी चढा. त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं पानिपत : १७६१. आधी इंग्रजीत आलं १९४६ ला, मग मराठीत १९६१ ला, लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा. घाबरू नका, मोठं नाही, आणि माणूस परखड लिहितो, कुणाची भीड ठेवत नाही. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी कुंजपुरा घेतलं त्याच सुमारास अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि दिल्लीची वाट तुटली, त्यानंतरचे अडीच महिने म्हणजे दाणागोटा संपत जाण्याची गोष्ट आहे. बायाबापड्या, यात्रेकरू, जनावरं सगळी त्या वेढ्यात. १४ जानेवारीला लढले ते उपाशी लढले. हे एकदा नीट कळलं की ‘भाऊने असं करायला हवं होतं’ छापाच्या कट्ट्यावरच्या गप्पा आपोआप कमी होतात.

आणि मग दोन साक्षीदार वाचा, हे माझं सगळ्यात आवडतं. एक काशीराज पंडित, दक्षिणी ब्राह्मण, पण नोकरी अवधचा नवाब शुजाउद्दौल्याकडे, म्हणजे लढाईच्या दिवशी हा समोरच्या छावणीत उभा! तहाच्या बोलण्यांत हा मध्ये होता, आणि लढाईनंतर भाऊचं प्रेत ओळखायचं काम पण याच्याकडे आलं. त्याने हे जवळजवळ वीस वर्षांनी फारसीत लिहिलं, त्यामुळे आकडे आणि संवाद जरा जपून घ्यायचे, पण तो तिथे होता. दुसरा साक्षीदार नाना फडणवीस. पुढे सगळं राज्य हलवणारा हा माणूस तेव्हा एकोणिसाव्या वर्षात होता, आई आणि बायकोला घेऊन तीर्थयात्रेसाठी भाऊंबरोबर गेलेला. त्याचं आत्मचरित्र अगदी छोटं आहे, एका बैठकीत संपतं. त्यात तो स्वतःची भीती लपवत नाही, पळालो म्हणतो, आई हरवली ती हरवलीच. शाळेच्या पुस्तकातला तो चाणाक्ष म्हातारा नाना आठवा आणि मग हे पोर बघा. बायको वाचली, आई गेली, आणि पुढची चाळीस वर्षं हा माणूस एवढा सावध का वागला याचं थोडं उत्तर मला तरी तिथे मिळालं. हे इतिहास म्हणून वाचायचं की प्रवासवर्णन म्हणून, मला ठरवता आलेलं नाही, मी ते दोन्ही कपाटांत आलटून पालटून ठेवते.

दुकानात ओळखायचं कसं विचारलंत. इतिहासाचं पुस्तक असेल तर आधी शेवट उघडा, साधनांची यादी आहे का बघा, आणि मग मधलं कुठलंही एक पान काढून ‘असे म्हणतात’, ‘सर्वश्रुत आहे’ किती वेळा आलंय ते मोजा. एका पानावर तीनदा आलं की मी परत ठेवते. जाड असणं हा पुरावा नाही, मुखपृष्ठावर भगवा रंग असणं तर मुळीच नाही. प्रवासवर्णन असेल तर जिथे लेखकाचं काहीतरी चुकलंय असं एक पान सापडतंय का बघा, गाडी चुकली, पैसे गेले, आजारी पडला, भांडण झालं. सगळंच छान झालं असेल तर ते पुस्तक नाही, आभारपत्र आहे. आणि गुन्हेकथेचं पहिलं प्रकरण वाचून पुस्तक मिटा आणि खून झाला ती खोली आठवतेय का बघा. आठवत नसेल तर शेवट पण आठवणार नाही.

क्रम म्हणाल तर आधी गोडसे भटजी, मग ख्रिस्तीचं सीरियावालं, मग नाना फडणवीस, आणि त्यानंतर शेजवलकर. बावला प्रकरण मध्ये कुठेही घुसवा, प्रवासात वाचायला छान आहे. रमाबाई सुट्टीत. डोंबिवलीच्या आसपास असाल तर या, फक्त भटजींची आमची एक प्रत सध्या एका आजोबांकडे आहे, दीड महिना झाला, फोन केला की म्हणतात झाशी अजून पडायची आहे, पडली की आणून देतो.